गिरजा गल्लीच्या एस्तरक्का

एस्तरक्कांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती. एक सुरातली आणि दुसरी अजून सुरात यायची राहिलेली. तिसरा प्रकार त्यांना मान्यच नव्हता. आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, जन्मात कधी एक ओळ धड गायले नसतील. त्यांच्याबद्दलही अक्का एवढंच म्हणायच्या, "यायलाय, यायलाय. हळूहळू यायलाय सुरात." अप्पा त्यांच्या शेजारात राहिले, निवृत्त झाले, म्हातारे झाले आणि शेवटपर्यंत 'यायलाय'च राहिले.

गुलबर्ग्याला कलबुर्गी म्हणायला लागून बरीच वर्षं झाली, पण आमच्या तोंडात अजून गुलबर्गाच आहे. आळंद तालुक्यातल्या खजुरीहून अप्पा इथल्या सरकारी कचेरीत कारकून म्हणून आले, तेव्हा भाड्याच्या घरासाठी त्यांनी अर्धं शहर पालथं घातलं. आम्ही बौद्ध. मालक आधी गाव विचारी, मग आडनाव विचारी, आणि आडनाव ऐकलं की त्याच्या घरात अचानक रंगकाम निघे. असं चार-पाच ठिकाणी रंगकाम निघाल्यावर अप्पा आणि आई गिरजा गल्लीत शिरले. रिकाम्या खोलीसमोर मालक उभा होता आणि शेजारच्या ओट्यावर एक उंच, काळ्यासावळ्या बाई बसल्या होत्या. मालकानं तोंड उघडायच्या आत त्यांनीच आईला विचारलं, "गाता येतंय का?"

आई गोंधळली. म्हणाली, "सकाळी वंदना म्हणते."

"म्हणून दाखव."

आईनं भर गल्लीत, डोक्यावरचा पदर सावरत बुद्धवंदना म्हटली. बाईंनी डोळे मिटून ऐकली. मग म्हणाल्या, "शब्द तुझे बराबर असतील, मला काय त्यातलं कळत न्हाई. पण दुसऱ्या ओळीला खाली घसरायलीस. राहा इथं. नीट करू." खोली त्यांची नव्हती, भाडं त्यांना मिळणार नव्हतं, तरी निकाल लागला होता. मालकानंही किल्ली काढून दिली. ही गोष्ट आईनं मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी तिथे हजर होते असंच मला वाटतं.

एस्तरक्कांचं माहेर हुमनाबादकडचं हळ्ळीखेड. त्यामुळे त्यांची मराठी आमच्यासारखीच होती, कन्नड तितकीच सफाईदार, आणि भांडायची वेळ आली की त्या दखनी उर्दूवर यायच्या. मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवत. पण त्यांचं खरं राज्य होतं गल्लीच्या टोकाच्या देवळात. गल्लीतले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणत. करड्या दगडाचं, ठेंगणं, लांबोडकं देऊळ, वर एक घंटा, मागे बाभळी आणि सीताफळी माजलेलं मोठं मैदान. त्या देवळातल्या गायनमंडळाच्या अक्का प्रमुख होत्या. हातात कायम काळी छत्री. ऊन असो नसो, ती उघडलेली मी क्वचितच पाहिली. छत्रीच्या टोकानं त्या ताल द्यायच्या, चुकणाऱ्याला टोचायच्या आणि रिक्षा थांबवायच्या. गालात सदैव एक लवंग. गळ्यासाठी. दुसऱ्या कोणाचा आवाज बसला, डोकं दुखलं, पोट बिघडलं किंवा नवऱ्याशी भांडण झालं तरी त्यांच्याकडे औषध एकच होतं. पदराच्या गाठीतून लवंग काढायच्या आणि म्हणायच्या, "चाव आणि गप बस."

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, आवाज राहत. भाजीवालीला त्या 'वरचा सूर' म्हणायच्या. देवळाच्या पंचमंडळाचे अध्यक्ष सॅम्युएल साहेब बँकेतून मॅनेजर होऊन निवृत्त झालेले, कोट घातल्याशिवाय दूध आणायलाही न जाणारे गृहस्थ. ते अक्कांच्या दरबारी नुसते 'खालचा सूर' होते. पण काय आवाज होता तो! साहेब गायला लागले की बाकावर ठेवलेला हात थरथरायचा. मंडळाचं सगळं गाणं त्या आवाजावर उभं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि म्हणूनच दोघांचं एक मिनिट पटत नसे. कौतुक करणं अक्कांच्या स्वभावात नव्हतं. नाताळाचं गाणं ऐकून लोक डोळे पुसत बाहेर पडत आणि त्या दारात उभ्या राहून प्रत्येकाला त्याची चूक सांगत. एकदा एका मयतीत, पेटीवर माती पडत असताना, त्यांनी छत्री वर करून गाणं थांबवलं होतं. "पुन्हा. पहिल्यापासनं. बिचारा जायलाय, नीट तरी पाठवा." आणि गंमत म्हणजे मयताच्या घरच्यांनीही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

त्या गल्लीत दोन बैलगाड्या कधी एकमेकींना ओलांडू शकल्या नसतील. दोन्ही बाजूंना दगडी भिंतींची, शहाबादी फरशीची घरं. घरं साधीच, पण दारं बघण्यासारखी. जाडजूड लाकडी चौकटी, पितळी कड्या. चौकटीच्या वरच्या पट्टीला सुतार नेहमीच्या सवयीनं गणेशपट्टीच म्हणायचे आणि तिच्यावर क्रूस कोरून द्यायचे. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. ईस्टरच्या आधी झावळ्यांचा रविवार येई, त्या सकाळी सगळी मंडळी शिंदीच्या झावळ्या घेऊन गात गात गल्लीभर फिरायची आणि गल्लीतल्या प्रत्येक घराच्या चौकटीत एक झावळी खोचायची. शेवटच्या घराला झावळी लागल्याशिवाय देवळाचं दार उघडायचं नाही, असा रिवाज होता. अक्का आमच्याही चौकटीत झावळी खोचायच्या आणि आमच्या जयंतीच्या मिरवणुकीत घोषणा देणारे सुरात नाहीत म्हणून आमच्याकडे तक्रारही करायच्या.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. शहर वाढत होतं, तूरडाळीच्या गिरण्यांचे ट्रक वळसा घालून घालून जात होते, आणि नकाशावर सर्वात जवळची वाट गिरजा गल्लीतून होती. पालिकेची माणसं टेप घेऊन आली, भिंतींवर तांबड्या खुणा करून गेली. देवळाकडची ओळ थोडी कापली जाणार होती, समोरची ओळ पूर्ण जाणार होती. आमची खोली देवळाकडच्या ओळीत होती म्हणून वाचली. समोरच्यांना रिंग रोडच्या पलीकडे नव्या लेआउटमध्ये प्लॉट मिळणार होते.

गल्लीत रडारड सुरू झाली. कोणी म्हणालं मोर्चा काढू, कोणी म्हणालं कोर्टात जाऊ. सगळे अक्कांच्या ओट्याशी जमले. सर्वांना वाटलं होतं छत्री आता जेसीबीवर चालून जाणार. अक्का म्हणाल्या, "रस्ता पायजेच."

मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

"कामून बघायलाव असं? रस्ता पायजे म्हणतेय मी. आमच्या गार्डसाहेबांना काय झालं इसरलाव व्हय?"

गार्डसाहेब म्हणजे त्यांचे यजमान, रेल्वेत गार्ड होते. एका दुपारी छातीत कळ आली. अॅम्ब्युलन्स आली, पण गल्लीच्या तोंडाशीच अडकली. चौघांनी बाजेवर घालून त्यांना मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं, आणि तेवढ्या वाटेतच ते गेले. त्यावर अक्का कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या, एवढंच एक वाक्य, आणि मग छत्री ओट्यावर आपटून म्हणाल्या, "रस्ता घेऊ द्या त्यांना. माणसं मातर आपण न्हाई द्यायची. देवळामागं एवढं मैदान पडलंय. पुढची घरं उचलायची आणि मागं ठेवायची. संपलं."

संपलं कसलं, तिथूनच सुरू झालं. मैदान देवळाच्या मालकीचं, आणि तिथे दुकानांचं मोठं कॉम्प्लेक्स बांधायचं पंचमंडळाच्या मनात होतं. सॅम्युएल साहेबांचं म्हणणं काही वाईट नव्हतं. रुंद रस्ता आला की जागेला भाव येणार, भाड्यातून शाळा चालेल, छप्पर दुरुस्त होईल, प्रवचन देणाऱ्या पाळकसाहेबांचा पगार वेळेवर होईल. ते म्हणाले, "एस्तरम्मा, घरं काय, कुठंबी होतात. देवळाची जागा एकदा गेली की गेली."

"आणि देवळातली माणसं गेल्यावर?"

"लेआउट काय परदेशात हाय? रविवारी येतील की."

"खालचा सूर तुमचा चांगला हाय साहेब, पण डोकं फारच खाली गेलंय," असं म्हणून अक्का उठून गेल्या. त्या आठवड्यात दोघांनी एकमेकांकडे न बघता अख्खी प्रार्थनासभा गाऊन काढली.

जेसीबी यायच्या आधी अक्कांनी एक काम केलं. समोरच्या ओळीतल्या घराघरांत जाऊन त्यांनी दारं काढायला लावली. भिंती पडतील त्या पडू देत, म्हणाल्या, पण दार कोणी मोडायचं नाही. सुतार बोलावून चौकटींसकट, कड्याकोयंड्यांसकट दारं उतरवली आणि चारचार माणसांनी उचलून ती देवळात नेऊन भिंतींना टेकवून उभी केली. स्वतःची पुढची खोली, जिथे गायनमंडळाचा सराव व्हायचा, तीही कापली गेली, पण तिचं दार त्यांनी सर्वात शेवटी आणलं. मग भिंती पडल्या. धूळ इतकी उडाली की दोन दिवस आम्ही भाकरीबरोबर माती खाल्ली. घरं गेलेले लोक टेम्पोत भांडी घालून लेआउटला गेले, तिथे पत्र्याच्या खोल्या घालून राहिले.

त्यानंतरच्या प्रार्थनासभा मी कधी विसरणार नाही. मी काही दर रविवारी जात नसे, पण अक्कांचं गाणं ऐकायला मागे जाऊन बसायची. देवळाच्या दोन्ही भिंतींना ओळीनं दारं. बंद दारं, ज्यांच्यामागे नुसती भिंत. प्रवचन ऐकताना कोणाचंही लक्ष त्यांच्याकडे जायचं आणि आपोआप मोजदाद व्हायची, हे म्हाताऱ्या शांताबाईचं, हे तिच्या पुतण्याचं, हे त्या कंपौंडरचं. पंचमंडळी वैतागली. साहेब म्हणाले, "देवळाचं गोदाम करून टाकलंय."

अक्का म्हणाल्या, "ठेवायला जागा द्या, लगेच उचलतो."

हिवाळा गेला. लेआउटहून रविवारी येणारी माणसं आधी निम्मी झाली, मग बोटांवर मोजण्याइतकी. तिकडे बस जात नव्हती, रिक्षावाला परतीचं भाडं मिळत नाही म्हणून कुरकुरायचा. गल्लीतल्या उरलेल्यांपैकीही काहींनी प्लॉट बघायला सुरुवात केली. माणसं नाहीत तर इथे राहून करायचं काय, असं जो तो म्हणू लागला. पंचमंडळानं मैदानाचा निकाल ईस्टरनंतरच्या सभेत लावायचं जाहीर केलं, आणि तो निकाल काय असणार हे सगळ्यांना माहीत होतं. मी अक्कांना पहिल्यांदाच थकलेलं पाहिलं ते तेव्हा. कापलेल्या खोलीच्या उघड्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. समोर खडी पडली होती. मला म्हणाल्या, "माझं घर तर वाचलंय की गं. पण मी एकटी राहून काय करू? एका माणसाचं गाणं काय गाणं असतंय?" मी शेजारी बसून राहिले. त्यांनी गाठीतून लवंग काढली आणि मला दिली.

झावळ्यांचा रविवार आला. एप्रिलचा महिना. गुलबर्ग्याचं एप्रिलचं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना जास्त सांगायला नको, आठ वाजताच फरशी पाय ठेवू देत नाही. मंडळी झावळ्या घेऊन देवळासमोर जमली. उरलेल्या घरांना झावळ्या खोचून व्हायला फारसा वेळ लागला नाही. पाळकसाहेब दार उघडायला पुढे झाले, तर अक्का छत्री आडवी धरून दारात उभ्या.

"फेरी झाली न्हाई अजून. गल्लीतली घरं राहिलीत."

"कुठली?" सॅम्युएल साहेबांनी विचारलं.

"शांताबाईचं. तिच्या पुतण्याचं. कंपौंडरचं. सगळी नावं घेऊ?"

साहेब हुशार. क्षणभर थांबून म्हणाले, "दारं तर सगळ्यांची आतच हायत. आपला रिवाज चौकटीत झावळी खोचायचा हाय ना? दार उघडा, आत जाऊन सगळ्या चौकटींत खोचू. सावलीत फेरी पुरी." मंडळीत हशा पिकला. माझ्या अप्पांनीसुद्धा मान डोलावली. तोडगा खरंच बिनतोड होता.

अक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, दारामागं माणूस लागतंय. आतल्या दारावर कडी वाजवून बघा. कोणी 'कोण हाय' म्हणून इचारलं, तर मी हितंच थांबते."

हशा विरला. अक्का वळल्या आणि चालायला लागल्या. आधी गायनमंडळातल्या दोन बायका मागे गेल्या, मग आणखी चार, मग सगळेच. अध्यक्षानं फेरीच्या पुढे चालायचं हाही रिवाजच. साहेब कोट सारखा करत पुढे झाले. आई-अप्पा आणि मी पाण्याचे कॅन घेऊन सगळ्यांच्या मागे.

त्या रस्त्यानं मी आजही रिक्षातून जाते तेव्हा वाटतं, एवढं चाललो कसे. डाळगिरण्यांची लांब भिंत, ट्रकांची रांग, मग उड्डाणपूल, मग रिंग रोड, आणि त्यापुढे एक झाड नाही. अर्ध्या वाटेत गाणं विस्कटायला लागलं. अक्का वळून उलट्या चालत छत्रीनं ताल देऊ लागल्या. "दम राखा! ओळ लांब हाय, दम राखा!" लोक पाणी मागत होते आणि त्या लवंगा वाटत होत्या. एका गिरणीच्या वॉचमननं विचारलं, "किसका मोर्चा है अम्मा?"

"मोर्चा नहीं रे बाबा. घर को जा रहे," अक्का म्हणाल्या. "आता है तो आ, आवाज अच्छा है तेरा." त्यानं गेटमधला माठच उचलून बाहेर आणला आणि सगळ्यांना पाणी पाजलं. साहेबांचा कोट घामानं पाठीला चिकटला होता. कोणीतरी म्हटलं, कोट काढा. ते म्हणाले, फेरी सुरू हाय. मला तेव्हा पहिल्यांदा ते आवडले.

लेआउटमध्ये पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पत्र्याच्या खोल्यांतून माणसं बाहेर आली आणि नुसती बघतच राहिली. त्यांना वाटलं होतं यंदा आपल्याला कोणी विचारणार नाही. एका बाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. चौकटी नव्हत्याच, म्हणून अक्कांनी झावळ्या पत्र्याच्या फटींत खोचल्या. शांताबाई, गल्लीतली सर्वात म्हातारी, गुडघ्यांमुळे उठू शकत नव्हती. साहेब तिच्या दारात वाकून झावळी खोचू लागले, तर तिनं त्यांचा हात धरून आत ओढलं, तांब्या पुढे केला. साहेब खाली बसून घटाघटा पाणी प्याले. म्हातारी म्हणाली, "बरं झालं आलाव. आज झावळ्याचा रविवार हाय व्हय? मला कळतच न्हाई बघा साहेब. तिकडं घंटा वाजली की उठायची मी. हितं ऐकू येत न्हाई. सगळे वार सारखेच झालेत."

साहेब तांब्या हातात धरून बसून राहिले. मी दारात होते. त्यांना उठायला हात द्यावा लागला, तो अक्कांनी दिला. परतीच्या वाटेवर टेम्पो केले, आणि देवळाचं दार त्या दिवशी भर दुपारी उघडलं. लेआउटची सगळी माणसं टेम्पोत बसून आली होती. शांताबाईला खुर्चीसकट आत आणलं आणि तिच्याच दारापाशी बसवलं.

ईस्टरनंतरच्या सभेला गर्दी मावत नव्हती. अक्का मागच्या बाकावर बसल्या होत्या, छत्री मांडीवर आडवी. आम्हाला वाटलं त्या भाषण करतील. त्या उठल्याच नाहीत. उठले साहेब. कागद काढला, चष्मा लावला, मग दोन्ही खिशात घातले. कन्नडमध्ये बोलले, त्यांच्या त्या खर्जातल्या आवाजात. म्हणाले, मी जन्मभर बँकेत जागांची किंमत केली. या मैदानाचीही मनात करून ठेवली होती. पण घंटा ज्यांच्यासाठी वाजवायची त्यांनाच ती ऐकू जाणार नसेल, तर भाड्याच्या पैशातून दुरुस्त केलेल्या छपराखाली बसून आपण कोणाची वाट बघणार? दुकानं हवीतच. ती रस्त्याला लागून, एक ओळ, पुरेशी आहेत. मागचं मैदान घरांना द्यावं. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा, असं म्हणून त्यांनी आधी स्वतःचा हात वर केला.

हात मोजायची गरज पडली नाही. देवळात असा गलका झाला की कबुतरं उडाली. अप्पांना मत नव्हतं, तरी त्यांनीही हात वर केला होता आणि आई तो खाली ओढत होती. मी ढसाढसा रडले, हे सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही. साहेब गर्दीतून मागे आले, अक्कांसमोर उभे राहिले. अक्का म्हणाल्या, "चांगलं बोललाव. शेवटच्या वाक्याला दम थोडा कमी पडला." पण त्यांचे डोळे भरले होते, आणि साहेब इतके मोठ्यानं हसले की लोक वळून बघू लागले.

पुढं कागदपत्रं झाली, नुकसानभरपाई होती तिच्यात ज्यानं त्यानं आपली भर घातली, मैदानातल्या बाभळी निघाल्या, सीताफळी अक्कांनी राखायला लावल्या. बांधकामावर त्या रोज हजर. कंत्राटदार म्हणाला, जुन्या चौकटी कमी-जास्त उंचीच्या आहेत, सगळ्यांना एका मापाची लोखंडी चौकट बसवू, ओळ कशी छान दिसेल. अक्कांनी त्याला छत्रीनं देवळात नेलं, रांगेत उभी दारं दाखवली आणि म्हणाल्या, "हीच बसवायची. कोणाचं उंच, कोणाचं ठेंगणं. माणसं एका मापाची हायत व्हय?" म्हणून आज तिथली घरं नवी, दुमजली, पांढऱ्या रंगाची आहेत, आणि दारं मात्र वरखाली. एकेक दार देवळातून उचलून नेऊन बसवलं गेलं तसतसं देऊळ मोकळं होत गेलं. पुढे रुंद रस्ता, दुभाजकावर झाडं, बेकरी, औषधाचं दुकान, आणि अॅम्ब्युलन्स थेट घराच्या दारात येते. रस्ता झाल्यावर पहिल्यांदा ती आली तेव्हा अक्का ओट्यावर उभ्या राहून तिच्याकडे बघत होत्या. ती वळून दिसेनाशी झाली तरी बघत होत्या.

नोकरीत माझी बदली औरादला झाली. नंतर वर्षभरात अक्का गेल्या, झोपेतच. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नव्या घरांत सगळे राहायला आल्यावरच्या पहिल्या झावळ्यांच्या रविवारी. मुद्दाम सुट्टी काढून आले होते. अक्का वाकल्या होत्या, पावलं लहान पडत होती, पण पुढेच होत्या. फेरी निघाली. गात गात पुढची ओळ, वळून मागची ओळ, पलीकडची ओळ. शांताबाई आपल्या उंबऱ्यात बसली होती, तिच्या चौकटीत साहेबांनी झावळी खोचली. आणि फेरी संपली. इतकी लवकर की गाण्याची दोन कडवी शिल्लक होती. पाळकसाहेब देवळाच्या दाराकडे निघाले.

अक्का मध्येच थांबल्या. वळून एकेक घर बघू लागल्या.

"कोण राहिलंय?" त्यांनी विचारलं.

"कोणी न्हाई अक्का. सगळे आले," कोणीतरी म्हणालं.

"नीट बघा की. कोण राहिलंय?"

"कोणीच न्हाई, एस्तरम्मा," साहेब म्हणाले. "सगळे हितंच हाव."

अक्कांनी पुन्हा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग चेहराभर हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. छत्री वर केली आणि म्हणाल्या, "मग देवळाची घाई कामून करायलाव? चला, अजून एक फेरी मारू."

आणि अख्खी गल्ली पुन्हा त्यांच्या मागे निघाली.